आधी वाड्यावर, मग दिल्लीला

प्रश्न : ताई, मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. चार वर्गांची मिळून १९ मुलं आणि आम्ही दोघी शिक्षिका. माझी वहिनी अमेरिकेत शाळेत आहे. तिनं परवा फोनवर सांगितलं की तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांसाठी लोककला, लोकसंस्कृती, सर्जनशील अध्यापन असल्या विषयांचे वर्ग भरतात आणि शिक्षक हौसेनं जातात. ऐकून हेवा वाटला. आपल्याकडे असं काही आहे का? मोबाईलवर जाहिराती तर रोज येतात. त्यातली एक कार्यशाळा दोन दिवसांची आहे, फी ४,५०० रुपये, 'क्रिएटिव्ह टीचर' असं प्रमाणपत्र मिळतं. नाव नोंदवू का?

दुसरं थोडं लाजेचं आहे. गॅदरिंगला दरवर्षी मी मुलींची फुगडी बसवते. यूट्यूबवर बघते, गाणं स्पीकरवर लावते. यंदा तिसरीतल्या एका मुलीची आजी पुढेच बसली होती. फुगडी संपली तशी मोठ्यानं म्हणाली, "ही खंयची गे फुगडी?" सगळा मांडव हसला, मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. मी फोंड्याकडची. आमच्या घरात पुस्तकं होती, फुगडी नव्हती. गणेशचवथीला शेजारणी घालायच्या ती खिडकीतून बघितलेली, तेवढीच. मे महिना समोर आहे. घरचे म्हणतात, सुट्टीत तरी स्वस्थ बस. काय करू?

– सत्तरीतली एक शिक्षिका

उत्तर : साडेचार हजारांचं आधी निकालात काढू. भरू नका. मी भरून बसले होते, निवृत्तीला काही वर्षं राहिली होती तेव्हा, अशाच एका कार्यशाळेला. हॉटेलचा हॉल, एसी एवढा की सगळ्या बायका पदर लपेटून बसलेल्या. दोन दिवसांत कागदी पेल्याची बाहुली केली, डोळे मिटून 'आपल्या आतल्या मुलाशी' बोललो आणि निघताना प्रमाणपत्र मिळालं, त्यात माझं आडनाव चुकलेलं. सोमवारी ती पेल्याची बाहुली मी मोठ्या ऐटीत वर्गात नेली. चौथीतला एक मुलगा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, मी काल्यातला संकासुर करून दाखवू?" (काला म्हणजे आमच्याकडचं जत्रेतलं नाटक, संकासुर त्यातला राक्षस.) दप्तराची काळी पिशवी डोक्यावर ओढली, तोंडानं पखवाज वाजवला आणि पुढची दहा मिनिटं वर्ग त्याचा होता. माझी बाहुली टेबलावर आडवी पडली ती पडलीच.

अशा जाहिराती सगळ्याच फसव्या असतात असं नाही. पण पैसे टाकण्याआधी फोन करून विचारा की शिकवणार कोण आणि ते माणूस एरवी काय करतं. एरवी मडकी घडवणारा, कळसूत्री नाचवणारा, जत्रेच्या नाटकाचे पडदे रंगवणारा असेल तर जा. एरवी 'ट्रेनर' असेल तर राहू दे. आणि दोन दिवस हातानं काय करणार, तेही विचारा. उत्तरात 'अनुभूती' हा शब्द आला की फोन ठेवा. (हा माझा पूर्वग्रह आहे, मला मान्य आहे.) राहिलं प्रमाणपत्र. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा आहे, आणि त्याच ५० तासांच्या नावावर हा सगळा बाजार फोफावलाय. कुठले तास धरले जातात ते जाहिरातवाल्याला नव्हे, तुमच्या तालुक्याच्या एडीईआयना, म्हणजे साहाय्यक जिल्हा शिक्षण निरीक्षकांना, विचारा.

आता वहिनी सांगते ते. खरंच सांगते ती. अमेरिकेत शाळा जूनमध्ये सुटतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत, त्यामुळे शिक्षकाच्या हातात दोन-अडीच महिने असतात. तिथल्या मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय निधीनं वर्षानुवर्षं शालेय शिक्षकांसाठी उन्हाळी अभ्यासवर्गांना पैसा दिलाय. स्मिथसोनियन संस्था १९६७ पासून वॉशिंग्टनच्या मैदानावर लोकजीवन महोत्सव भरवते, लोक गातात, विणतात, रांधतात. तिच्याच ध्वनिमुद्रिका विभागाच्या नावानं जगभरची गाणी वर्गात कशी आणावीत याचे उन्हाळी वर्ग संगीतशिक्षकांसाठी चालतात. त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, १९७६ साली लोकजीवन केंद्र सुरू झालं. नवख्या माणसानं गावात जाऊन गाणी-गोष्टी-रीती कशा टिपाव्यात याची एक छोटी पुस्तिका त्या केंद्रानं काढलेली आहे आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. तिकडच्या निधीचे वर्ग तिकडच्या शिक्षकांसाठी आहेत, ते तुमच्या-माझ्या कामाचे नाहीत. ती पुस्तिका मात्र वहिनीकडून मागवून घ्या. इंग्रजी सोपं आहे. कोणाला भेटायचं, काय विचारायचं, परवानगी कशी घ्यायची, टिपलेलं कसं जपायचं, सगळं कामाचं लिहिलंय.

आपल्याकडे काय आहे, या प्रश्नाचं सरळ उत्तर सीसीआरटी. सांस्कृतिक स्रोत एवं प्रशिक्षण केंद्र, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालची संस्था, १९७९ साली स्थापन झालेली. मुख्यालय दिल्लीत द्वारकेला, प्रादेशिक केंद्रं उदयपूर, हैदराबाद, गुवाहाटी अशा ठिकाणी. नोकरीत असलेल्या शिक्षकांना शिकवणं हे या संस्थेचं मुख्य काम. शिक्षणात कठपुतळीचा वापर, शाळेत हस्तकलांचं स्थान अशा विषयांवर कार्यशाळा होतात आणि त्याहून लांबीचे अभिमुखता वर्गही असतात. देशभरचे शिक्षक येतात. तिथे स्वतःहून जाऊन नाव घालता येत नाही, राज्याच्या शिक्षण खात्यानं नाव पाठवावं लागतं. वर्ग वर्षभर कधीही असतात, सुट्टीतच असतील असं नाही. म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात अर्ज लिहा, मुख्याध्यापिकेची सही घ्या (दोघीच आहात, म्हणजे बहुधा तुमचीच किंवा शेजारच्या टेबलावरची), एडीईआय कार्यालयात पोच घेऊन द्या आणि एक प्रत पर्वरीला डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे. परिपत्रक येईल, मग बघू, असं म्हणत बसलात तर परिपत्रक शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी येतं. हे मी ३१ वर्षांच्या नोकरीवरून सांगते.

माझी एक सहकारी अशाच एका वर्गाला गेली होती. तिथे संध्याकाळी शिक्षकांनी आपापल्या राज्याचं काहीतरी सादर करायचं. गोव्याच्या तिघीजणी. त्यांनी काय म्हटलं असेल? रेडिओवर लागणारं, सगळ्यांना पाठ असलेलं एक कोंकणी गाणं, टाळ्यांच्या ठेक्यावर. टाळ्या भरपूर मिळाल्या. जेवताना मणिपूरची एक शिक्षिका सहज विचारती झाली, "हे तुमच्या आईचं गाणं का?" तिनं स्वतः म्हटलं होतं ते तिच्या आईनं भात लावताना शिकवलेलं होतं. माझी सहकारी परत आली ती हे सांगतच. म्हणाली, वर्ग फार चांगला होता गं, पण माझ्या पिशवीत काही नव्हतं.

तुमची पिशवी भरायला मे महिना पुरेल. आणि ती भरून देणारी बाई तुम्हांला सापडलीय, तिनं भर मांडवात स्वतःहून हात वर केलाय. तिच्याकडे जा. "तुमची फुगडी कशी असते ती मला शिकवाल का?" एवढंच विचारायचं. ती आजी टोमणा मारून गेली असं तुम्हांला वाटतंय, पण मला विचाराल तर फुगडी तिला दिसलीच नाही म्हणून ती बोलली. का दिसली नाही तेही सांगते. फुगडीला वाद्य नसतं. गाणं, टाळी, पावलं आणि श्वास. वेग चढला की बायका तोंडानं 'फू, फू' असा वारा सोडतात, वाकताना एकदा, उठताना एकदा, आणि गाणं कधी थांबतं न् नुसता तो 'फू' कधी उरतो ते कळतही नाही. तो दमाचा आवाज म्हणजे त्या खेळाचा ताल. तुम्ही स्पीकर लावलात, ताल बाहेरून आला, मुलींना फुंकायची गरजच पडली नाही. पुढच्या वर्षी नुसता स्पीकर बंद ठेवा, निम्मी फुगडी परत येते.

जाल तेव्हा काय करायचं ते थोडं सविस्तर सांगते, कारण चुका मी केल्यात. एका वर्षी मी धालो या बायकांच्या नाचाची दोन गाणी एका बाईकडून घाईघाईनं लिहून आणली आणि १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाला मुलींकडून बसवून घेतली. दोन रांगा समोरासमोर, वाकत-झुलत पुढं येणं-मागं जाणं, सगळं हुबेहूब. कार्यक्रम झाला. संध्याकाळी ती बाई शाळेच्या पायरीवर येऊन बसली. रागावली नव्हती, उलट मलाच समजावत होती. "मांड नासतना धालो कसो खेळटली गे?" धालो पौषात, मांडावर, रात्रीचे, बायकांचे. मांड म्हणजे नुसतं अंगण नव्हे, ती देवाची जागा. तिथं आधी वंदन करायचं, ठरलेल्या रात्री खेळायचं आणि ठरलेल्या रात्री संपवायचं. श्रावणात, झेंड्याखाली, मायकवर म्हटलं की ती गाणी राहतच नाहीत, असं तिचं म्हणणं. मी चुकले होते. त्यानंतर मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारला की हे कधी म्हणतात आणि कधी म्हणत नाहीत. मग कुठं म्हणतात, कोण म्हणतं. शब्द सगळ्यांत शेवटी. आणि शाळेत म्हटलं तर चालेल का, हे स्पष्ट विचारायचं. 'नाही' असं उत्तर आलं तर ऐकलेलं आपल्याजवळ ठेवायचं. शिगम्यातली (आपल्या होळीच्या सणातली) रोमटां, मुलांचे खेळ, कोडी, पाळणे, जात्यावरच्या ओव्या, फुगडीची बरीचशी गाणी यांना सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण गावागणिक रीत निराळी. तुमच्या सत्तरीत रणमाले हे लोकनाट्य आहे, त्याचेही नियम गावाला विचारूनच कळतील.

गाणं लिहून घेताना 'शुद्ध' करू नका. आपल्या शिक्षकी हाताला ती खोड असते, लाल पेन आपोआप चालतं. गोव्यातल्या बायकांच्या गाण्यांत मराठी आणि कोंकणी एकमेकींचा हात धरून असतात. ओळीची सुरुवात मराठीत, शेवट कोंकणीत, मधला एखादा शब्द दोन्हींत नसलेला. तो मधला शब्द हाच खरा ऐवज. त्याचा अर्थ तिला विचारा. "कोण जाणा, आवय म्हणटाली" असं उत्तर आलं तर तेच लिहा. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर विचारून करा आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, वाडा, गाणाऱ्या बाईचं नाव बोलून ठेवा. दहा वर्षांनी ती फाईल उघडाल तेव्हा कळेल मी काय म्हणते ते. माझ्याकडे अशा ११ कॅसेटी आहेत ज्यांवर नुसतं 'गाणी – २' लिहिलंय. कोणाची, कुठली, आता सांगायला कोणी उरलेलं नाही.

पुण्याला हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त. आज त्यांतल्या कितीतरी पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला आणि वाचायला मिळतात, गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, अनेकदा तिचा फोटोही. मे महिन्यातल्या रिकाम्या दुपारी तासभर तेवढंच बघा. नोंद कशी करावी याचं दुसरं शिक्षण घ्यायला नको.

आता तुम्ही म्हणाल, गाणी झाली, सर्जनशीलतेचं काय? मला त्या शब्दाची थोडी भीतीच वाटते, पण हातानं काही शिकायचं असेल तर या दिवसांत आपला आख्खा गोवा कार्यशाळेसारखा चालू असतो. पाऊस यायच्या आत पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचा असतो ना. हा शब्दच बघा, पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो', आणि तो आपल्या आज्यांच्या तोंडी असा बसलाय की परका वाटत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एका सुट्टीत एकच अभ्यास दिला होता, घरच्या पुरुमेताची यादी आजीला विचारून आणा. जूनमध्ये याद्या आल्या. मिरच्या, चिंच, मीठ, सुकं बांगडं, सुंगटां, सोलं, फणसाचे पापड, आंब्याचं साठ, चुलीला लाकडं. एका मुलीनं लिहिलं होतं, 'मेणबत्त्या, कारण लाईट जाते.' त्या याद्यांवर मी दीड महिना गणित आणि परिसर अभ्यास शिकवला. कोणाकडे किती किलो मिरच्या, कोणाकडे मासळी नाही आणि का नाही, कोणाच्या यादीतलं किती आता दुकानातून येतं.

किंवा सोलंच घ्या. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, गर निराळा करायचा, साली उन्हात. गराला मीठ लावून सुटतो तो आगळ, त्यात साली बुडवायच्या, पुन्हा उन्हात, पुन्हा आगळात, पुन्हा उन्हात, काळ्याभोर होईपर्यंत. हे तुमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या अंगणात चाललेलं असेल. एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करून बघा. हात आठवडाभर जांभळे राहतात. मग पुस्तकात 'बाष्पीभवन' आलं की तुम्हांला फळ्यावर चित्र काढावं लागणार नाही.

वाद्य शिकायचं असेल तर घुमट. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी तोंडं, मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि डावा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप करतो. आतला वारा अडला की आवाज दाबला जातो, सुटला की घुमतो. पहिले दोन दिवस उजवाच हात शिकायला बघतो आणि डावा विसरतो. गंमत डाव्यातच आहे. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. एका वाद्यात माती, कातडं, कायदा आणि चवथीची आरती, चौथीच्या मुलांना चार दिवस पुरेल. पूर्वी बायका वाजवत नसत, आता बायकांची घुमट आरतीची पथकं गावोगाव आहेत, तेव्हा लाजू नका. तुमच्या डिचोलीच्या वाटेवर कुंभार आहेत, घट घडताना बघायला मिळाला तर मुलांना आधी तिथं न्या.

एक दिवस मोकळा काढून सीमेपलीकडे जा. कुडाळच्या थोडं अलीकडे पिंगुळी गाव लागतं. तिथले ठाकर कलाकार चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री जपून आहेत. गंगावणे कुटुंबानं आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र समोर धरायचं, गायचं, सांगायचं, की पुढचं चित्र. मला विचाराल तर एकोणीस मुलं आणि चार इयत्ता एकत्र बसवून शिकवणाऱ्या बाईला याहून उपयोगी तंत्र कुठल्याच कोर्सात मिळणार नाही. पहिलीची मुलं चित्र बघतात, दुसरीची ऐकतात, तिसरी-चौथीची पुढचं चित्र स्वतः काढतात, आणि तुम्ही एकाच वेळी चौघांच्या बाई असता.

परतताना सावंतवाडीच्या राजवाड्यात थांबून गंजिफा बघा. गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पानं, म्हणजे १२० पत्ते. बाराचा पाढा न येणाऱ्या एका मुलाला मी पुठ्ठ्याचे असे पत्ते करायला लावले होते. मत्स्यापासून वामनापर्यंत पोचला, म्हणजे बारा पंचे साठ पाठ झालं. तिथंच अडकला आणि म्हणाला, बाई, परशुरामाचे उद्या.

पणजीला गेलात तर पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहेच. १८३२ पासूनची संस्था, गोव्याविषयीच्या पुस्तकांचा स्वतंत्र विभाग आहे. विनायक खेडेकर, पांडुरंग फळदेसाई, जयंती नायक यांचं गोव्याच्या लोककलांवरचं काम तिथे काढून वाचा, पण आजीकडे दोनदा जाऊन आल्यावर. आधी वाचलंत तर तिच्या तोंडून तुम्ही पुस्तकच ऐकाल. केरीचे राजेंद्र केरकर तर तुमच्याच तालुक्यातले, त्यांनी सत्तरीची देवस्थानं, देवराया आणि लोककथा पायी फिरून लिहिल्यात. मुलांना गोष्टी वाचून कशा दाखवाव्यात, शाळेतलं ग्रंथालय जिवंत कसं ठेवावं हे शिकायचं असेल तर पणजीची बुकवर्म ही संस्था ते काम मनापासून करते. बाणावलीला 'गोवा चित्र' आहे, जुन्या शेतीची आणि घरातली अवजारं बघायची असतील तर जा. तुम्हांला सत्तरीहून ते लांब पडेल, आणि निम्मी अवजारं तुमच्या मुलांच्या माळ्यावर सापडतील.

'दप्तराविना दहा दिवस' असं नव्या धोरणात आहे, त्याच्या आधारानं हे सगळं शाळेत बसवता येईल का, असं मनात आलं असेल. ते सहावी ते आठवीसाठी आहे. तुमच्या वर्गांना त्याची गरजही नाही, तुमच्याकडे परिसर अभ्यास आहे आणि तास हातात आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शंखशिंपले, बिया, पानं घेऊन बालवाडी चालवली, मुलं गुरांमागे रानात जातात म्हणून कुरणशाळा काढली, तेव्हा त्यांच्याजवळ कुठलं परिपत्रक होतं?

एक काम मात्र मेमध्येच करून ठेवा. चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) तुमच्या गावात काय काय बांधतात ते आत्ता विचारा आणि ती झाडं आत्ता बघून या. माट्टी, कवंडळ, आंबाडे, सुपारीचे घोस. पावसात सगळं हिरवं एकसारखं दिसायला लागतं आणि नवशिक्याला ओळख पटत नाही. मेमध्ये झाडाचं खोड बघितलेलं असलं की ऑगस्टमध्ये फळ कुठं शोधायचं ते मुलांआधी तुम्हांला ठाऊक. (मुलांना तरीही तुमच्याआधी ठाऊक असेल. तेवढं चालवून घ्या.)

घरचे म्हणतात स्वस्थ बस, त्यांचंही ऐका. एवढं सगळं एका महिन्यात करायला मी सांगत नाहीये. आजी, आणि वरच्यापैकी एखादी गोष्ट, बस. पहिले दहा दिवस झोपा, आंबे खा, आईकडे जाऊन या. शिक्षकानं मे महिन्यात दुपारी झोपू नये असं म्हणणाऱ्यानं शाळेत शिकवलेलं नसतं.

आजीकडे जाल ते साडेतीननंतर जा. त्याआधी ती पडलेली असते, किंवा काजू फोडत असते आणि तेव्हा तिला बोलायला आवडत नाही. तिच्या नातीला बरोबर घ्या. वही पहिल्या दिवशी पिशवीतच राहू दे, फोनही. रिकाम्या हातानं जाऊ नका, पावशेर चहापूड न्या. मिठाईचा पुडा नको, मिठाई नेली की तुम्ही पाहुण्या होता आणि मग तुम्हांला खुर्चीवर बसवतात. फुगडी खुर्चीवरून शिकता येत नाही. चप्पल पायरीखाली काढा, जमिनीवर बसा, आणि ती म्हणेल, "म्हाका आतां कांय याद ना गे." सगळ्याच म्हणतात. चहा होईपर्यंत थांबा.